फिल ह्यूज: ६३ नाबादच्या अलीकडचा

तिरपी_बॅट

ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिल ह्यूज याचं नाव काढलं की समोरचा माणूस आधी मानेवर बसलेल्या चेंडूबद्दल बोलतो. मग ६३ नाबाद, ती शेवटची खेळी. मग त्याच्या आठवणीत लोकांनी दाराबाहेर ठेवलेल्या बॅटी. तिथे विषय संपतो. पोरगा खेळायचा कसा असं विचारलं तर "चांगला होता ना?" असा प्रश्नच परत येतो.

मला याचा राग येतो. २५ नोव्हेंबर २०१४ ला सिडनीत तो पडला, २७ ला गेला, ३० ला सव्वीस वर्षांचा झाला असता. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधी प्रथमश्रेणीत २६ शतकं आणि नऊ हजारांवर धावा काढून ठेवल्या होत्या त्याने, त्याचं काय?

न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरचं मॅक्सव्हिल हे त्याचं गाव, वडिलांची केळीची बाग. सतराव्या वर्षाच्या आसपास सिडनीला आला. एकोणीसचा असताना शेफील्ड शील्ड या ऑस्ट्रेलियातल्या देशांतर्गत स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शतक, इतक्या कमी वयात ते आधी कुणी केलं नव्हतं. विसाव्या वर्षी डरबनला कसोटीच्या दोन्ही डावांत शतक, ११५ आणि १६०. समोर दक्षिण आफ्रिकेचे स्टेन, मॉर्केल, एन्टिनी आणि कॅलिस. ही त्याची दुसरीच कसोटी होती! पहिल्या शतकाला पोचताना पॉल हॅरिसला लागोपाठ दोन षटकार मारले. नव्वदीत लोक एकेरी धावा चोरतात हो.

तर तुम्हाला त्याची कोणती खेळी आठवते, कोणता फटका? अपघाताची चर्चा टळणार नाही हे ठाऊक आहे, पण निदान पहिल्या दहा प्रतिसादांत तरी नको.

गलीतला_गडी

कट. दुसरं काय! लेगला सरकून जागा करायची आणि मधल्या यष्टीवरचा चेंडू पॉइंटमधून काढायचा. विळ्याने उभं गवत कापावं तसा. प्रशिक्षणाच्या पुस्तकात असा फटका दाखवला तर खाली "असे करू नये" लिहितील.

नाईट_वॉचमन

गलीतला_गडी +१. गडी म्हणून तुम्हाला तो जवळून दिसला असणार. :)

पदार्पणाचा पहिला डाव विसरू नका. जोहान्सबर्ग, चौथाच चेंडू, स्टेनचा बाउन्सर. हा यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून उडवायला गेला आणि यष्टिरक्षकाच्याच हातात देऊन शून्यावर परतला. दुसऱ्या डावात ७५. पहिल्या डावात जे केलं त्याबद्दल त्याला अजिबात पश्चात्ताप झाला नसावा असं ते ७५ बघून वाटतं.

ऑफस्पिनची_आई

मी सांगते, मला आठवतो तो २०१३ चा भारत दौरा. अश्विनने आणि जडेजाने पार गोंधळवून टाकलं होतं त्याला. बॅट एकीकडे, चेंडू दुसरीकडे. मला तर दया यायला लागली होती. मग मोहालीच्या दुसऱ्या डावात ६९ काढल्या. सुंदर बिंदर काही नव्हत्या, पण पाय हलायला लागले होते. दौऱ्याच्या मध्यावर, सगळे हसत असताना शिकायचं हे सोपं नाही. माझा मुलगा ऑफस्पिन टाकतो म्हणून मी गोलंदाजाच्या बाजूने बघते, तरीही हे लक्षात राहिलं.

मधला_यष्टी

रसभंग करतो. कसोटीत २६ सामने, १५३५ धावा, सरासरी ३२.६५, शतकं तीन. सलामीच्या किंवा वरच्या फळीतल्या ऑस्ट्रेलियन फलंदाजासाठी हे आकडे साधारण आहेत. बाहेरच्या चेंडूला बॅट लावायची खोड शेवटपर्यंत पूर्ण गेली नाही. २०११ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेतले चारही डाव धावफलकावर एकाच ओळीत मावतात: झेल गप्टिल, गोलंदाज मार्टिन. माणूस गेला म्हणून फलंदाज मोठा होत नाही.

गलीतला_गडी

स्कोअररने शिक्काच करून घेतला असेल त्या ओळीचा.

तिरपी_बॅट

@मधला_यष्टी, बोलाच की. मी त्याला ब्रॅडमन म्हटलेलं नाही. उलट मला हेच हवंय. गेलेल्या माणसाच्या चुकाही कुणी काढत नाही, म्हणजे त्याला खेळाडू म्हणून निकालातच काढल्यासारखं आहे.

पण सरासरीचा हिशोब वयासकट मांडा. पंचविसाव्या वर्षी थांबलेली सरासरी आहे ती. २००९ च्या ॲशेसमध्ये (इंग्लंडविरुद्धची मालिका) दोन कसोटींनंतर काढला, २०१३ मध्ये पुन्हा दोन कसोटींनंतर काढला. जो गेला तो संघात आत-बाहेर करणारा, दर वेळी देशांतर्गत क्रिकेटमध्ये ढीगभर धावा करून दार वाजवणारा खेळाडू होता. त्या शेवटच्या आठवड्यातही कर्णधार क्लार्क जायबंदी होता आणि ब्रिस्बेन कसोटीत त्याची जागा ह्यूजला मिळणार अशीच चर्चा होती. ते ६३ त्या जागेसाठीच चालले होते.

नाईट_वॉचमन

२००९ ला काढल्याची बातमी तर त्याच्याच ट्विटर खात्यावरून नाणेफेकीआधी फुटली होती. इंग्लंडला ऑस्ट्रेलियाचा बदल फुकटात कळला. खातं त्याचा मार्गदर्शक नील डि'कोस्टा चालवायचा. हा डि'कोस्टा काही काळ नागपुरात विदर्भाच्या अकादमीत होता, जाता जाता आपलं अवांतर.

पोहेवाली_पॉवरप्ले

आपलं अवांतर म्हणजे हे: २०१३ च्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला घेतला होता. एकही सामना खेळवला नाही. मी तेव्हापासून वाट बघत होते, मलिंगा आणि पोलार्ड असताना चौथा परदेशी कोण यावर घरी भांडणं व्हायची.

सिडनीत_सध्या

दहा प्रतिसादांचा नियम मोडतो, माफ करा. मी तेव्हा सिडनीतच होतो. दाराबाहेर बॅट ठेवायची ती लाट समाजमाध्यमांवरून आली आणि एका रात्रीत रस्त्यावर उतरली. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे क्रिकेटची बॅट नव्हती त्यांनी मुलांची प्लास्टिकची ठेवली होती. त्यांच्यातल्या अर्ध्यांना त्याची एकही खेळी सांगता आली नसती. म्हणून ते खोटं होतं का? तिरपी_बॅट, तुमचा राग मला पूर्ण पटत नाही. ओळख नसलेल्या माणसासाठीही वाईट वाटू शकतं. आधी परीक्षा देऊन मग रडायचं असं काही नसतं.

तिरपी_बॅट

बरोबर आहे. राग त्या आठवड्यावर नाहीच. इतकी वर्षं झाली तरी आपण त्या आठवड्यातून बाहेर येत नाही, यावर आहे.

डॉक्टर_थर्डमॅन

विषय निघालाच आहे तर एकदाच नीट सांगतो, म्हणजे "हेल्मेट चांगलं असतं तर" हे दहा वेळा येणार नाही. चेंडू डोक्यावर लागला नाही. पुल करताना तो थोडा लवकर वळला आणि चेंडू डाव्या बाजूला कानाच्या खाली, मानेवर बसला. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल आर्टरी तिथून जाते. ती फाटली आणि रक्त मेंदूभोवती पसरलं. संघाच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की अशा प्रकारच्या जेमतेम शंभर घटना नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यात क्रिकेटच्या चेंडूने झालेली आधीची एकच होती.

हेल्मेट नव्या घडणीचं असतं तरी ती जागा पूर्ण झाकली गेली असती असं म्हणता येत नाही. २०१६ च्या चौकशीतही कुणा एकावर ठपका आला नाही. रुग्णवाहिका बोलावण्यात गोंधळ झाला, पण ती लवकर आली असती तरी वाचला नसता, असा निष्कर्ष होता.

मांकड_मास्तर

चौकशीत आणखीही निघालं होतं. त्या दिवशी पडलेल्या २३ आखूड चेंडूंपैकी २० ह्यूजला टाकले होते. आता हे ठरवून केलेलं नाही म्हणायचं? डावखुऱ्याला बरगडीवर बांधायचं ही योजनाच होती. मैदानावर काय बोललं गेलं यावरही घरच्यांचे आणि खेळाडूंचे जबाब जुळले नाहीत. मी बाउन्सरवर बंदीच्या बाजूचा आहे. शिव्या घाला.

मधला_यष्टी

शिव्या नाही, उत्तर घाला. आखूड चेंडू ही त्याची कच्ची बाजू आहे हे जगाला माहीत होतं, मग गोलंदाज तिथे टाकणारच. अश्विनने त्याला ऑफस्टंपबाहेर फसवलं तेव्हा कुणी आक्षेप घेतला नाही. चौकशीतही गोलंदाजी नियमाबाहेरची ठरली नाही. आणि तो त्या माऱ्याला तोंड देऊन ६३ वर होता, म्हणजे लढाई जिंकत होता! बंदी घातली तर डरबनचे ते कटही जातील. त्याचा निम्मा खेळ आखूड चेंडूवरच उभा होता.

क्लबचा_पंच

शनिवार-रविवार क्लबचे सामने उभा राहून करतो, म्हणून दोन शब्द. २०१४ च्या आधी कुणाला चेंडू लागला की आम्ही विचारायचो, "ठीक आहेस ना?" आणि तो "हो" म्हणायचा आणि खेळ सुरू. आता फलंदाजाचं "हो" आम्ही धरत नाही. बाहेर बसवतो, कुणीतरी तपासतं, मगच. खेळाडू चिडतात. चिडू दे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. पहिलाच बदली लाबुशेन, लॉर्ड्सवर, स्मिथला आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२३ पासून वेगवान माऱ्यासमोर मानेचं संरक्षक सक्तीचं केलं. स्मिथसुद्धा ते लावायला तयार नव्हता, आता लावतो. अहो मास्तर, बंदीपेक्षा हे बरं नाही का?

मांकड_मास्तर

नऊ वर्षं लागली त्याला. एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

ऑफस्पिनची_आई

मुलाच्या हेल्मेटला मी ते लावून घेतलं. "आई, मान वळत नाही" म्हणाला. म्हटलं, नको वळवू, समोर बघून खेळ.

स्लिपमधले_आजोबा

तुम्ही सगळे तरुण आहात म्हणून एक जुनी आठवण. याच सिडनीच्या मैदानावर जानेवारी १९८१ मध्ये आपल्या संदीप पाटीलला लेन पॅस्कोचा बाउन्सर कानाजवळ लागला होता. हेल्मेट नव्हतं. तो खेळपट्टीवर कोसळला, ६५ वर जखमी होऊन निवृत्त. आम्ही रेडिओला कान लावून. मला आठवतं, समालोचक काही क्षण बोललाच नाही आणि आम्हाला वाटलं संपलं. पुढची कसोटी ॲडलेडला. हेल्मेट घालून आला आणि १७४ ठोकल्या.

१९६२ ला बार्बाडोसमध्ये ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या कवटीला लागला तेव्हा विरुद्ध संघाच्या वॉरेलने रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पुन्हा प्रथमश्रेणी खेळला, कसोटी मात्र नाही. आणि १९९८ ला ढाक्यात रमण लांबा. शॉर्टलेगला दोन-तीन चेंडूंपुरता उभा राहतो म्हणून हेल्मेट मागवलं नाही. तीन दिवसांनी गेला.

६५ वर पडलेला पाटील पुढच्या सामन्यात १७४ करतो आणि ६३ वर पडलेला ह्यूज उठत नाही. मैदान तेच. मला यात काही अर्थ लावता येत नाही आणि लावणाऱ्यांचा कंटाळा येतो.

पोहेवाली_पॉवरप्ले

आजोबा, __/\__

नाईट_वॉचमन

ॲडलेडवरून आठवलं. ह्यूज गेल्यावर मालिकेचा क्रम बदलला आणि पहिली कसोटी ९ डिसेंबरला ॲडलेडला सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने तेरावा खेळाडू म्हणून त्याचं नाव यादीत ठेवलं होतं. कोहली कसोटीत कर्णधार म्हणून पहिल्यांदाच. मैदानात आला आणि जॉन्सनचा पहिलाच चेंडू थेट हेल्मेटवर! सगळे क्षेत्ररक्षक धावत गेले. क्लार्क, जॉन्सन, सगळे. कोहलीने ११५ केल्या, दुसऱ्या डावात १४१. त्याच कोहलीने आठवड्याभरापूर्वी मॅक्सव्हिलला जाऊन अंत्यविधीला हजेरी लावली होती.

डॉक्टर_थर्डमॅन

शारजाची कसोटीही आठवा. न्यूझीलंड-पाकिस्तान सामन्याचा दुसरा दिवस बातमी आल्यावर खेळलाच नाही. पुन्हा सुरू झाला तेव्हा न्यूझीलंडच्या गोलंदाजांनी बाउन्सर टाकले नाहीत, बळी घेतल्यावर आनंदही केला नाही. मॅकलमने २०२ मारल्या, संघाच्या ६९०. त्या खेळीबद्दल खेळाडू नंतर म्हणाले की कुणाला निकालाची पर्वाच उरली नव्हती.

सिडनीत_सध्या

तो चेंडू टाकणाऱ्या शॉन ॲबटबद्दल कुणी बोललं नाही. बावीस वर्षांचा होता. ह्यूज त्याचा न्यू साउथ वेल्समधला जुना सहकारी. डिसेंबरात त्याच मैदानावर परत आला, क्वीन्सलंडविरुद्ध शेवटच्या दिवशी १४ धावांत ६ बळी. मी होतो प्रेक्षकांत. पहिला आखूड चेंडू त्याने टाकला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ऑस्ट्रेलियाकडूनही पुन्हा खेळला. मला तरी त्या काळातली सगळ्यात अवघड गोष्ट ती वाटते.

वाचतेय_फक्त

एरवी वाचनमात्र असते. क्रिकेट मला फारसं कळत नाही, पण धाग्याचा पहिला परिच्छेद वाचून थांबले.

माझा मामेभाऊ बाईकच्या अपघातात गेला, चोविसाव्या वर्षी. आता घरात त्याचा विषय निघाला की तो त्या संध्याकाळपासून सुरू होतो. हेल्मेट घातलं होतं का, ट्रकवाला थांबला का, कोणी फोन केला. त्याच्याबरोबर वाढलेली माणसंसुद्धा हेच बोलतात. त्याला शेवटचं पाहिलं ते तेवढंच उरलंय जणू. नवीन आलेल्या सुनांना तो फक्त अपघात म्हणून माहीत आहे. तिरपी_बॅट म्हणतात तो राग मला येतो, पण मामीसमोर कसा काढणार? ती बिचारी ती संध्याकाळ अजून मनातून सुधारून बघत असते.

एवढंच. अवांतर वाटलं तर उडवा.

मधला_यष्टी

अजिबात अवांतर नाही.

स्लिपमधले_आजोबा

मुली, उडवायचं काय त्यात? काय खेळायचा तुझा भाऊ?

वाचतेय_फक्त

कॅरम. आणि हरला की बोर्ड तिरका आहे म्हणायचा. चहाचे कप खाली ठेवून लेव्हल तपासायचा, आणि तेवढ्यात राणी गायब व्हायची.

गलीतला_गडी

हा माणूस मला भेटायला हवा होता. आमच्या घरचा बोर्ड खरंच तिरका आहे आणि कुणी मानत नाही.

ऑफस्पिनची_आई

@वाचतेय_फक्त, हे मामीला सांग. कपांचं.

वाचतेय_फक्त

बघते. राणीचं आधी सांगते, ते तिला माहीत नसणार.

तिरपी_बॅट

धागा काढल्याचं सार्थक झालं. आता थोडा क्रिकेटकडे वळवतो, कारण मधला_यष्टीला मी २०१३ ची ट्रेंटब्रिज दाखवायची राहिली. ११७ वर ९ बाद, अकराव्या क्रमांकावर एकोणीस वर्षांचा ॲश्टन एगर पदार्पण करतोय. दोघांनी १६३ जोडल्या, तेव्हाचा दहाव्या विकेटचा विक्रम. एगरच्या ९८ सगळ्यांना आठवतात, आठवाव्यातही. दुसऱ्या टोकाला ८१ नाबाद कोण होता? पोराला जास्तीत जास्त खेळू देत, स्वतः मागे राहत. कट मारणारा आडदांड म्हणून ज्याची ओळख, त्याने त्या दिवशी दुसऱ्याची खेळी घडवली. पुढच्या लॉर्ड्स कसोटीत दोन्ही डावांत एकेक धाव आणि बाहेर. तीच त्याची शेवटची कसोटी.

मधला_यष्टी

ही मानली. माझ्याही डोक्यात फक्त एगर होता.

तुमच्याच बाजूने आणखी भर: एकदिवसीय पदार्पणात शतक करणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन. जानेवारी २०१३, मेलबर्न, श्रीलंकेविरुद्ध ११२. पॉन्टिंग, गिलख्रिस्ट, हेडन, कुणालाच जमलं नव्हतं. सरासरीवरचं माझं म्हणणं तसंच आहे, पण हे नोंदवून ठेवतो.

नाईट_वॉचमन

आणि जुलै २०१४, डार्विन, ऑस्ट्रेलिया अ कडून दक्षिण आफ्रिका अ विरुद्ध नाबाद २०२. लिस्ट अ (म्हणजे एका दिवसाच्या मर्यादित षटकांच्या) सामन्यात द्विशतक करणारा पहिला ऑस्ट्रेलियन. मरणाच्या चार महिने आधी! म्हणजे उतरणीला लागलेला नव्हता, चढावर होता.

पोहेवाली_पॉवरप्ले

त्याला गुरांचं वेड होतं हे कुणी लिहिलं नाही. ॲंगस जातीची गुरं पाळायची म्हणून वडिलांबरोबर शेत घेतलं होतं, नाव ठेवलं होतं कसोटी टोपीच्या क्रमांकावरून: ४०८. क्रिकेट संपल्यावर काय करायचं ते ठरलेलं होतं त्याचं.

मांकड_मास्तर

गप्प बसतो म्हणालो होतो, पण डरबनची क्षणचित्रं आत्ता पाहून आलो. दुसऱ्या डावातल्या १६० जास्त चांगल्या आहेत. पहिल्या डावात कट मारतो, दुसऱ्यात कट कधी मारायचा नाही हे कळलेलं दिसतं. दोन्ही डावांत शतक करणाऱ्यांत सगळ्यात तरुण म्हणून जॉर्ज हेडलीचं नाव १९३० पासून होतं, ते याने पुसलं.

गलीतला_गडी

मास्तर, १६० चांगल्या असतील, पण लागोपाठचे दोन षटकार ११५ मध्ये आहेत. माझं मत ११५ ला.

तिरपी_बॅट

माझंही ११५. मास्तर, आणि तो कट बघितलात का, लेगला सरकून मारलेला? आता बंदीचं काय करायचं सांगा.

मांकड_मास्तर

बंदीचा विचार चालू आहे. तो कट परत बघून सांगतो.